मारेकऱ्यांची रसद

११ एप्रिल २०२३च्या सकाळी म्यानमारच्या सगाईंग प्रांतातल्या पाझिजी गावात लोक जमले होते. लष्करशाहीला न जुमानणाऱ्या स्थानिक प्रशासनाच्या कार्यालयाचे उद्घाटन होते. लष्कराच्या लढाऊ विमानाने त्या गर्दीवर बॉम्ब टाकले आणि पाठोपाठ आलेल्या हेलिकॉप्टरने वाचलेल्यांवर गोळ्या झाडल्या. दीडशेहून अधिक माणसे मारली गेली. त्यांत लहान मुलेही होती. सगाईंग प्रांताची हद्द मणिपूर आणि नागालँडला भिडलेली आहे.

ते विमान म्यानमारमध्ये तयार झालेले नव्हते आणि त्यातले इंधनही बाहेरूनच आलेले होते. असे इंधन टँकर जहाजाने बंदरात येते, त्या जहाजाचा कुणीतरी विमा उतरवतो, मालाची रक्कम कुठल्यातरी परदेशी बँकेतून चुकती होते. आपल्याच जनतेवर बॉम्ब टाकणारी राजवट जगात कितीही एकाकी दिसली तरी तिच्यामागे पुरवठादार, दलाल, विमा कंपन्या आणि बँका यांची लांबलचक साखळी असते, आणि तिच्यातल्या बहुतेक कड्या दुसऱ्या देशांत, कायद्याने चालणाऱ्या कचेऱ्यांत असतात. आर्थिक निर्बंधांचा प्रश्न हा या साखळीचा प्रश्न आहे. ती तोडता येते का, तोडली तर झळ कोणाला लागते, आणि तोडण्याची सत्ता ज्यांच्या हाती आहे ती सरकारे कधी हलतात, हे पाहायला गेल्या नव्वद वर्षांचा अनुभव हाताशी आहे.

रसद तुटल्यावर काय होते हे मराठी वाचकाला पानिपतामुळे ठाऊक आहे. भाऊसाहेबांच्या छावणीत रसद तुटली तेव्हा लढवय्ये उपाशी राहिले, पण त्यांच्या आधी हाल झाले ते छावणीबरोबर आलेल्या यात्रेकरूंचे आणि बायकामुलांचे. निर्बंधांची ताकद आणि त्यांचे पाप, दोन्ही यात आहे.

राष्ट्रसंघाने हे शस्त्र पहिल्यांदा मोठ्या देशावर उगारले ते १९३५ साली. मुसोलिनीच्या इटलीने इथिओपियावर स्वारी केली तेव्हा सदस्य देशांनी इटलीचा माल घेणे बंद केले, कर्ज बंद केले, शस्त्रे बंद केली. तेल मात्र वगळले. सुएझ कालवाही खुला ठेवला. इटलीचे सैन्य आणि त्याचा दारूगोळा त्याच कालव्यातून जात राहिला, इथिओपियन खेड्यांवर विषारी मस्टर्ड वायू पडत राहिला, आणि जुलै १९३६मध्ये निर्बंध गुंडाळले गेले. ब्रिटन आणि फ्रान्सला मुसोलिनी दुखावायचा नव्हता. जी वस्तू बंद केल्याने युद्ध थांबले असते नेमकी तीच सोडून द्यायची, ही चूक त्यानंतर इतक्या वेळा झाली आहे की तिला चूक म्हणणे कठीण जाते.

दुसऱ्या टोकाला इराक आहे. १६ मार्च १९८८ रोजी सद्दाम हुसेनच्या विमानांनी हलब्जा या कुर्द शहरावर विषारी वायू सोडला. सुमारे पाच हजार माणसे मेली. त्याबद्दल सद्दामवर निर्बंध आले नाहीत. अमेरिकी सिनेटने तसे विधेयक मंजूर केले होते, पण त्याचा कायदा झाला नाही. निर्बंध आले ते दोन वर्षांनी, ६ ऑगस्ट १९९० रोजी, कुवेत घेतल्यावर. आणि आले ते सरसकट. तेलाची निर्यात बंद, आयात जवळजवळ सगळी बंद. पाणी शुद्ध करण्याच्या क्लोरिनवरही अडवणूक होत होती. पाच लाख मुले दगावल्याचा जो आकडा तेव्हा जगभर फिरला तो पुढच्या पाहण्यांत टिकला नाही. सद्दामच्या सरकारने आकडेवारीत हात घातला होता हे नंतर दिसून आले. पण रुग्णालयांत औषधे नव्हती, दिनार कवडीमोल झाला होता, शिक्षक आणि परिचारिका घरातली भांडी विकत होत्या, यात खोटे काही नाही. संयुक्त राष्ट्रांचे बगदादमधले मदतकार्याचे प्रमुख डेनिस हॅलिडे यांनी १९९८मध्ये राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेले हान्स फॉन स्पोनेक यांनीही २०००मध्ये तेच केले. दोघांचेही म्हणणे एकच होते, की शिक्षा चुकीच्या माणसांना होते आहे. सद्दाम राजवाडे बांधत राहिला. तेलाच्या बदल्यात अन्न देण्याच्या योजनेतही त्याने हजारो कंपन्यांकडून लाच उकळली. त्याची चौकशी करणारा व्होल्कर अहवाल २००५मध्ये आला तेव्हा आपल्याही परराष्ट्रमंत्र्यांना पद सोडावे लागले.

इराकनंतर निर्बंधांचे समर्थन करताना कुणाचीही जीभ अडखळली पाहिजे, असे मला मनापासून वाटते. २०२५मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने एकतर्फी निर्बंधांमुळे दर वर्षी साडेपाच लाखांहून अधिक मृत्यू होत असल्याचा अंदाज मांडला. अशा अंदाजांत निर्बंधांचा वाटा किती आणि राजवटीच्या लुटीचा किती हे वेगळे काढणे अवघड असते, पण तो आकडा झटकून टाकता येत नाही.

अभ्यासकांचे भांडणही जुने आहे. हफबाउअर, शॉट आणि एलियट यांनी विसाव्या शतकातली प्रकरणे तपासून सुमारे एक तृतीयांश निर्बंध निदान काही अंशी यशस्वी ठरल्याचे सांगितले. रॉबर्ट पेप यांनी १९९७मध्ये त्यांचीच यादी पुन्हा तपासली आणि ११५ प्रकरणांपैकी जेमतेम ५ खरी यशस्वी असल्याचा निर्वाळा दिला. या वादात मला एक गोष्ट नेहमी खटकते. राजवट कोसळली तरच यश, अशी कसोटी लावली तर निर्बंध बहुधा नापास होणारच. गावावर बॉम्ब टाकायला एक विमान कमी उडाले, हेही मोजले पाहिजे.

दक्षिण आफ्रिकेचे प्रकरण सगळ्यांना माहीत आहे असे वाटते, पण त्याची सुरुवात आपल्याकडून झाली हे आपण विसरलो आहोत. जुलै १९४६मध्ये भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार बंद केला. अजून स्वातंत्र्य मिळाले नव्हते, अंतरिम सरकारही आले नव्हते. तिथल्या हिंदी लोकांना जमीन खरेदीपासून रोखणारा कायदा दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने केला होता, आणि देशातल्या लोकमतापुढे व्हॉइसरॉयच्या सरकारला हा निर्णय घ्यावा लागला. भारताच्या निर्यातीतला सुमारे पाच टक्के भाग त्या देशाला जात होता. गरीब, फाळणीच्या उंबरठ्यावर उभ्या देशाने तो सोडला. त्याच वर्षी विजयालक्ष्मी पंडित यांनी हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत नेला. त्या शिष्टमंडळात मुंबईचे एम. सी. छागलाही होते.

त्यानंतर कित्येक वर्षे फारसे कुणी सोबत आले नाही. १९६०मध्ये शार्पव्हिल इथे पोलिसांनी ६९ निदर्शकांना गोळ्या घातल्या, १९६२मध्ये आमसभेने संबंध तोडण्याचे आवाहन केले, १९७७मध्ये सुरक्षा परिषदेने शस्त्रबंदी सक्तीची केली. १९७४मध्ये भारताने डेव्हिस चषकाचा अंतिम सामना खेळायला नकार दिला. जिंकण्याची मोठी संधी अमृतराज बंधूंच्या हातून गेली आणि चषक दक्षिण आफ्रिकेला न खेळता मिळाला. जुलै १९८४मध्ये डब्लिनमधल्या एका मोठ्या दुकानातील तरुण कामगारांनी दक्षिण आफ्रिकेची फळे गल्ल्यावर घ्यायला नकार दिला. त्यांचा संप जवळजवळ तीन वर्षे चालला आणि १९८७मध्ये आयर्लंडने त्या देशाच्या शेतमालाची आयातच थांबवली.

वर्णद्वेषी राजवटीला खरा धक्का बसला तो १९८५मध्ये. चेस मॅनहॅटन या अमेरिकी बँकेने अल्प मुदतीची कर्जे पुढे चालू ठेवायला नकार दिला. अध्यक्ष बोथा सुधारणांची घोषणा करतील अशी आशा होती. १५ ऑगस्टला डर्बनच्या भाषणात त्यांनी ती धुळीला मिळवली, इतर बँकांनीही हात आखडले, रँड कोसळला, आणि सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला त्या देशाला परतफेड थांबवावी लागली. बँकांना अचानक पाझर फुटला नव्हता. विद्यापीठे, चर्च, नगरपालिका आपला पैसा काढून घेण्याच्या धमक्या देत होत्या, त्या वर्षानुवर्षांच्या दबावाचा तो हिशेब होता. पुढच्या वर्षी अमेरिकी काँग्रेसने रेगन यांचा नकाराधिकार मोडून वर्णद्वेषविरोधी कायदा मंजूर केला. सिनेटमधले मतदान ७८ विरुद्ध २१ होते, म्हणजे अध्यक्षांच्या स्वतःच्या पक्षातलेही कित्येक उलटले होते. राष्ट्रकुलात राजीव गांधी आणि आफ्रिकी नेते थॅचरबाईंशी याच प्रश्नावर भांडत होते.

निर्बंधांनी काळ्या कामगारांची उपासमार होईल, असे रेगन आणि थॅचर म्हणत. ते कामगार काय म्हणत होते? त्यांच्या संघटना, आफ्रिकन नॅशनल काँग्रेस, डेस्मंड टुटू हे सगळे निर्बंध मागत होते. तुरुंगातून सुटलेले मंडेला ऑक्टोबर १९९०मध्ये भारतात आले तेव्हाही निर्बंध इतक्यात उठवू नका असेच त्यांचे सांगणे होते, आणि सप्टेंबर १९९३मध्ये आता उठवा हेही त्यांनीच संयुक्त राष्ट्रांत जाऊन सांगितले. पीडितांनी मागितलेले, पीडितांच्या सांगण्यावरून उठवलेले निर्बंध आणि इराकी जनतेवर लादलेले निर्बंध यांना एकाच मापाने मोजणे हा दक्षिण आफ्रिकेतल्या लोकांवर अन्याय आहे.

आपण स्वतः केलेल्या कोंडीचे एक उदाहरण मात्र फसलेले आहे, आणि ते आपल्या दाराशीच घडले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्यात शिरलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला. वीसहून अधिक जण हुतात्मा झाले. पुण्यातून गोवा विमोचन सहायक समितीने पाठवलेल्या तुकड्यांतल्या किती घरांत त्या दिवशी सुतक आले असेल. भारताने सीमा बंद केली, रेल्वे थांबवली, व्यापार तोडला. गोव्यातल्या असंख्य कुटुंबांची चूल मुंबईत राबणाऱ्या माणसाच्या मनीऑर्डरवर पेटत असे, ती मनीऑर्डरही अडकली. लिस्बनमध्ये बसलेल्या पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारला याचे काही सोयरसुतक नव्हते. समुद्र मोकळा होता. तांदूळ, बटाटे, सिमेंट दुसरीकडून येत राहिले, आणि गोव्याच्या लोहखनिजाला जपानसारखे गिऱ्हाईक होते, त्यामुळे वसाहत सरकारची तिजोरी भरतच गेली. कोंडी सामान्य गोवेकराची झाली. गोवा मुक्त झाला तो डिसेंबर १९६१मध्ये, सैन्य गेल्यावर. खनिजाचे पैसे चालू ठेवून मनीऑर्डर बंद करणारे निर्बंध कसे दिसतात, याचा हा धडा कोकणपट्टीतल्या माणसांनी भोगलेला आहे.

१९७१ साली आपण निर्बंध मागणाऱ्यांच्या रांगेत होतो. पूर्व बंगालमध्ये याह्याखानच्या सैन्याने कत्तली चालवल्या होत्या, सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले होते. इंदिरा गांधी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये युरोप आणि अमेरिकेच्या राजधान्या फिरत होत्या. पाकिस्तानला पाठीशी घालू नका, त्याची मदत रोखा, हे भारत महिनोन् महिने सांगत होता. निक्सन यांनी ऐकले नाही. पण मदत देणाऱ्या देशांच्या गटाने नवी मदत रोखून धरली, आणि बाल्टिमोर बंदरात ‘पद्मा’ या पाकिस्तानी जहाजापुढे अमेरिकी क्वेकर कार्यकर्त्यांनी आपल्या लहानशा होड्या आडव्या घातल्या. फिलाडेल्फियाच्या गोदी कामगारांनी पाकिस्तानी जहाजांवर माल चढवायला नकार दिला. ज्या देशाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता त्या देशातल्या माणसांसाठी त्यांनी मजुरी सोडली. तेव्हा आपल्याला कुणीही, ‘हा पाकिस्तानचा अंतर्गत प्रश्न आहे’ असे सांगितले की संताप येत असे. तो संताप योग्य होता.

इराकच्या अनुभवानंतर शस्त्राची धार बदलली. रशियातला प्रचंड करघोटाळा उघड करणारे सर्गेई मॅग्निटस्की नोव्हेंबर २००९मध्ये मॉस्कोच्या कोठडीत मेले. त्यांच्या नावाने अमेरिकेने २०१२मध्ये कायदा केला. तो आधी रशियापुरता होता, २०१६मध्ये साऱ्या जगाला लागू झाला. कॅनडा, ब्रिटन, युरोपीय संघ, ऑस्ट्रेलिया यांनी तसेच कायदे केले. देशाला शिक्षा न करता माणसाला करायची, त्याची खाती गोठवायची, व्हिसा नाकारायचा, लंडनमधले घर आणि मुलांची परदेशी शाळा त्याला दुरापास्त करायची, अशी ही पद्धत. ती अधिक न्याय्य आहे. पण तीही राजकीय दबावापुढे वाकते. सौदी पत्रकार जमाल खाशोगी यांच्या हत्येनंतर २०१८मध्ये सतरा सौदींवर निर्बंध आले, युवराजांवर आले नाहीत. २०२५मध्ये तर अमेरिकेने आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या अभियोक्त्यावर आणि न्यायाधीशांवरच हे शस्त्र चालवले. अत्याचाऱ्यांना जाब विचारणाऱ्यांची बँकखाती बंद पाडायची, याहून मोठा दुरुपयोग मला दिसत नाही. म्हणूनच हे शस्त्र एका महासत्तेच्या मुठीत राहू नये. इतर कित्येक लोकशाही देशांनी ते हाती न घेण्याची किंमत ही अशी चुकवावी लागते.

पैशाची अट नेमकी असली तर काय होते हे बेलग्रेडमध्ये दिसले. २००१मध्ये सर्बियाला पुनर्बांधणीसाठी मदत हवी होती. युद्धगुन्ह्यांचा आरोप असलेला माजी अध्यक्ष स्लोबोदान मिलोशेविच याला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाच्या हवाली केल्याशिवाय ती मिळणार नव्हती. देणगीदारांची परिषद २९ जूनला भरायची होती. २८ जूनला मिलोशेविच हेगच्या वाटेवर होता.

आता पुन्हा म्यानमार. २०१७मध्ये तिथल्या लष्कराने सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना बांगलादेशात पिटाळले. त्या वेळी जगाने निषेध केला आणि लष्कराच्या मालकीचे उद्योग तसेच चालू दिले. १ फेब्रुवारी २०२१ला त्याच लष्कराने निवडून आलेले सरकार उलथवले. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांनी मे २०२३मध्ये या राजवटीच्या खरेदीचा हिशेब मांडला. बंडानंतर तिने एक अब्ज डॉलरची शस्त्रे आणि सामग्री आयात केली होती. त्यातली रशियातून ४० कोटी ६० लाख डॉलरची, चीनमधून २६ कोटी ७० लाखांची, सिंगापूरमधल्या कंपन्यांकडून २५ कोटी ४० लाखांची. चौथे नाव भारताचे होते, ५ कोटी १० लाख डॉलर. पुरवठा करणाऱ्यांत सरकारी मालकीच्या कंपन्याही होत्या.

पुढच्या वर्षीचा त्यांचा अहवाल निर्बंधांवर शंका घेणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. सिंगापूरने आपल्या कंपन्यांची चौकशी केली, आणि तिथून होणारी विक्री एका वर्षात ११ कोटी डॉलरवरून सुमारे १ कोटीवर आली. अमेरिकेने म्यानमारच्या दोन सरकारी बँकांवर निर्बंध घातले, परदेशी बँका सावध झाल्या, आणि बँकांमार्फत होणारी लष्करी खरेदी सुमारे एक तृतीयांशाने घटली. एका छोट्या बेटाच्या सरकारने आणि अमेरिकेने मनावर घेतले, एवढ्याने हे झाले. त्याच काळात थायलंडमधून होणारी विक्री दुपटीने वाढली, हेही त्याच अहवालात आहे. एक दार लोटले की व्यापार शेजारच्या दारातून जातो. म्हणून शेजाऱ्यांनी एकत्र यावे लागते. आणि मोठी सरकारे दमही काढत नाहीत. जुलै २०२५मध्ये अमेरिकेने राजवटीला सामग्री पुरवणाऱ्या काही कंपन्यांची नावे यादीतून गुपचूप काढून टाकली.

भारताची अधिकृत भूमिका अशी, की सुरक्षा परिषदेने लावलेले निर्बंधच आपण पाळू. पण परिषदेत रशिया आणि चीन यांचे नकाराधिकार बसलेले आहेत, म्हणजे म्यानमारबाबत ते निर्बंध येणारच नाहीत. १८ जून २०२१ला आमसभेने म्यानमारकडे जाणारी शस्त्रे रोखण्याचे आवाहन केले. ११९ देश बाजूने, एकटा बेलारूस विरोधात, ३६ तटस्थ. तटस्थांत भारत होता. डिसेंबर २०२२मध्ये सुरक्षा परिषदेत हिंसा थांबवण्याचा ठराव आला. तेव्हा परिषदेचे अध्यक्षपद भारताकडे होते, आणि चीन-रशियाबरोबर आपण पुन्हा तटस्थ राहिलो. १९४६मध्ये आपण कुणाच्या ठरावाची वाट पाहिली नव्हती.

आपण सोडले तर चीन जागा घेईल, हा युक्तिवाद मी हलका मानत नाही. दारफुरच्या हत्याकांडाआधी सुदानमध्ये तसेच काहीसे झाले. लोकांच्या दबावामुळे टॅलिस्मन या कॅनेडियन कंपनीने सुदानच्या तेलक्षेत्रातला आपला पंचवीस टक्के वाटा विकला, आणि तो घेतला ओएनजीसी विदेशने. ती जागा चीनने घेतली नव्हती. आपण घेतली होती. भारताने घेतलेल्या स्वस्त रशियन तेलाबद्दल गरीब गिऱ्हाइकाचे कारण तरी देता येते. म्यानमारच्या लष्कराला सुटे भाग विकून कोणत्या भारतीय घरात दिवा लागतो?

सीमेच्या सुरक्षेचे कारणही पूर्वीइतके टिकत नाही. भारताच्या कालादान वाहतूक प्रकल्पाच्या वाटेवरचे पालेत्वा शहर जानेवारी २०२४मध्ये लष्कराशी लढणाऱ्या अराकान आर्मीने घेतले. आपल्या सीमेलगतचा मोठा प्रदेश आज राजवटीच्या हाती नाही. ज्या लोकांशी उद्या आपल्याला शेजार करायचा आहे त्यांच्यावर पडणाऱ्या बॉम्बशी आपले नाव जोडलेले राहणे हा व्यवहार तोट्याचा आहे. आणि मिझोरमने तीस हजारांहून अधिक चिन निर्वासितांना घरात घेतले आहे. त्या छोट्या राज्याने जो निर्णय केव्हाच घेतला, तो दिल्लीला अजून घेता आलेला नाही.

मागणी अवाजवी नाही. म्यानमारचा तांदूळ, डाळ, औषधे यांना कुणी हात लावू नये. तूरडाळीचा व्यापार बंद करून तिथल्या शेतकऱ्याला मारायचे नाही. लष्कराला जाणारी शस्त्रे, सुटे भाग, विमानाचे इंधन आणि त्यांची रक्कम फिरवणारी खाती एवढेच थांबवायचे. निर्यात रोखण्यासाठी १९९२चा विदेशी व्यापार कायदा पुरेसा आहे, नवा कायदा लागत नाही. खाती गोठवण्यासाठी मात्र लागेल, कारण १९४७चा संयुक्त राष्ट्रे (सुरक्षा परिषद) कायदा फक्त त्या परिषदेच्या आदेशांपुरता आहे. त्या नव्या कायद्यात निर्बंध कोणत्या अटीवर उठतील हेही लिहिलेले असले पाहिजे. सीरियाचा हुकूमशहा असाद डिसेंबर २०२४मध्ये पळाला तरी त्या देशाच्या मानेवरचा अमेरिकी कायदा उतरायला आणखी वर्ष गेले, आणि ते वर्ष उद्ध्वस्त शहरांतल्या लोकांनी भोगले.

महाराष्ट्रातून लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९ खासदार जातात, गोव्यातून २ आणि १. यांतल्या एकाने जरी लेखी प्रश्न विचारला, की १ फेब्रुवारी २०२१नंतर म्यानमारच्या लष्कराला किंवा त्याच्या कंपन्यांना काय विकायला, कोणाला, किती रकमेचे परवाने दिले, आणि तो प्रश्न स्वीकारला गेला, तर सरकारला सभागृहाच्या पटलावर उत्तर ठेवावे लागेल. तुमच्या मतदारसंघाच्या खासदाराला पत्र लिहा आणि हा प्रश्न येत्या अधिवेशनात विचारायला सांगा. उत्तर टाळले गेले तर पुढच्या अधिवेशनात पुन्हा विचारायला सांगा.